वाहिनी कुणाची?

सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या खडखडाटात, एकाच घरात तेलुगू आणि मराठी सहज नांदतात. तिथे हैदराबादची ईटीव्ही १९९५ पासूनच ओळखीची. २००० साली त्याच वाहिनीचे मालक रामोजी राव यांनी ईटीव्ही मराठी सुरू केली. तिचं मराठी बातमीपत्र हैदराबादच्या रामोजी फिल्म सिटीतून वाचलं जायचं, पण त्यात आपल्या तालुक्याचा पाऊस, ऊस आणि पाणीटंचाई असायची. कितीतरी मराठी पत्रकार तिथे घडले. हे ऋण मोठं आहे.

२०१२ मध्ये टीव्ही१८शी तिच्या समभागांचा करार जाहीर झाला, त्यामागे रिलायन्सचं पाठबळ होतं. २०१५ मध्ये वाहिनीचं नाव कलर्स मराठी झालं. रिलायन्सच्या माध्यम कंपनीच्या २०२४ मधील विलीनीकरणानंतर ती जिओस्टारकडे आहे. तेलुगू ईटीव्ही मात्र रामोजींच्या समूहाकडेच राहिली.

मालकीबदलाची दुसरी गोष्ट अरबी जगातली. तिथली एमबीसी १९९१ मध्ये लंडनहून खासगी वाहिनी म्हणून सुरू झाली. २०१७ मध्ये तिचे प्रमुख वलीद अल-इब्राहिम यांना रियाधमध्ये ताब्यात घेतलं गेलं. त्यांची सुटका झाली आणि बहुतांश मालकी सौदी सरकारकडे गेली. आपल्याकडे जबरदस्ती नव्हती, समभागांचा रीतसर व्यवहार होता. तरीही प्रेक्षकाच्या वाट्याला दोन्हीकडे फक्त मालकाची बदललेली पाटी आली, ही गोष्ट आम्हाला मनापासून खुपते.

या अंकात मराठी वाहिन्यांच्या मालकीचा माग काढला आहे. प्रत्येक वाहिनीने आपले मालक कोण, हे वर्षातून एकदा तरी पडद्यावर मराठीत जाहीर करावं, ही आमची मागणी आहे.