वरून हिरवं, खालून काय?

परवा गप्पांमध्ये एका मित्राने जाहीर करून टाकलं, "आता धरणातल्या पाण्याचे नमुने घ्यायची गरजच नाही. उपग्रह सांगेल सगळं." चार लोकांनी माना डोलावल्या. मला मात्र राहवलं नाही.

अहो, उपग्रह पाण्याचा रंग बघतो. युरोपच्या सेंटिनेल-२ ची चित्रं २०१५ पासून फुकट मिळतात, आता साधारण दर पाच दिवसांनी. बारीकात बारीक ठिपका १० मीटरचा. शेवाळातलं हरितद्रव्य त्यात कळतं, गढूळपणा कळतो. २०२० च्या जूनमध्ये लोणारचं सरोवर गुलाबी झालं, तेही अवकाशातून दिसलं. पण का झालं? त्यासाठी पाणी पुण्याच्या आघारकर संस्थेत न्यावंच लागलं. तिथे कळलं, रंग खारट पाण्यातल्या सूक्ष्मजीवांचा.

आता आपलं नाशिक. गोदामाई शहराचं सांडपाणी पोटात घेऊन नांदूरमध्यमेश्वरला पोचते. (महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, २०२० मध्ये जाहीर झालेलं. असो.) तिथे पाणवेली माजतात, आणि वरून तो भाग कसा दिसतो? छान हिरवागार, शेजारच्या उसासारखा! पानांखालचं पाणी उपग्रहाला दिसतच नाही. मैल्यातले जंतू तर उघड्या पाण्यातही दिसत नाहीत. आणि ऐन पावसाळ्यात, नाले दुथडी भरून वाहतात तेव्हा, वर ढग.

म्हणून उपग्रह नको? मुळीच तसं नाही. गंगापूर धरणाच्या एवढ्या मोठ्या फुगवट्यात बाटली घेऊन कुठे कुठे फिरणार? पाणवेल सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर पोसते, तेव्हा ती कुठे आणि कधी पसरली हे चित्रात बघून नेमकं तिथे जाता येईल. माझं भांडण "नमुन्यांचा खर्च वाचेल" या वाक्याशी आहे. नमुनाच नसेल तर चित्रावरून काढलेला आकडा ताडून कशाशी बघणार? नवं तंत्र आलं की जुनं, कंटाळवाणं काम बंद करायला आपल्याला निमित्तच हवं असतं.

नांदूरमध्यमेश्वरहून डावा आणि उजवा कालवा कोपरगावच्या बाजूला जातो. ते पाणी वापरणाऱ्यांसाठी एवढंच करा: एकाच तारखेचं चित्र आणि प्रयोगशाळेचा अहवाल शेजारी शेजारी इंटरनेटवर टाका.

मित्र म्हणाला, "कोण बघणार ते?"

मी बघेन की.