घरच्या शेताचा हिशेब

महाविद्यालयांत व्यवस्थापकीय हिशेबाचे पहिले धडे घेणारीं शेतकऱ्यांचीं मुलें स्थिर व बदलता खर्च यांतील भेद कारखान्याच्या उदाहरणानें शिकतात. वस्तुतः तो भेद गोठ्यांतच उभा आहे! नांगर बंद असला तरी बैल वैरण खातातच. बियाणें मात्र पेरावें तेवढेंच लागतें. घरच्या माणसांची मजुरी व स्वतःच्या जमिनीचा खंड खर्चांत धरावा कीं नाहीं, हा प्रश्न तर केवळ परीक्षेपुरता नव्हे. २०१८ सालीं केंद्र सरकारनें खर्चाच्या दीडपट हमीभाव जाहीर केला, तो घरची मजुरी धरून. स्वतःच्या जमिनीचा खंड व भांडवलाचें व्याज त्यांत नाहीं. तीं धरणारा ‘सी-२’ खर्च अर्थातच अधिक भरतो. विद्यार्थ्यांनीं या सुटींत घरच्या एका तरी पिकाचा खर्च दोन्ही रीतींनीं मांडून वडिलांपुढें ठेवावा, अशी आमची सूचना आहे.