भूगर्भातील विष आणि संगणकाचे भाकीत

अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात कोलंबिया नदीच्या काठी हॅनफर्ड हे अणुकेंद्र वसले आहे. नागासाकीवर टाकलेल्या बॉम्बचे प्लुटोनियम येथेच तयार झाले. प्लुटोनियम बनवणारी येथील शेवटची अणुभट्टी १९८७ मध्ये बंद झाली. सांडपाण्यातून जमिनीत मुरलेले युरेनियम मात्र तेथेच राहिले. अणुइंधन बनवण्याचे काम जेथे चाले, त्या भागातील भूजल त्यामुळे दूषित झाले. तीन ते दहा वर्षांत हे प्रदूषण आपोआप ओसरेल, असे भाकीत गणिती प्रारूपाने वर्तविले. त्यावर विसंबून १९९६ मध्ये केवळ देखरेख ठेवण्याचा निर्णय झाला. मुदत उलटली, युरेनियम हटले नाही.

चूक कोठे झाली? जमिनीतून पाणी कसे वाहते, याचा नियम फ्रेंच अभियंता हेन्री डार्सी याने १८५६ मध्येच मांडला. चुकले ते रसायनांचे गणित. माती आणि पाणी यांच्यात युरेनियमची देवाणघेवाण तत्काळ होते, असे गृहीत धरले गेले. प्रत्यक्षात मातीच्या कणांमधील सूक्ष्म छिद्रांत दडलेले युरेनियम अत्यंत सावकाश बाहेर पडते. शिवाय, वरच्या धरणांतील विसर्गानुसार नदीची पातळी चढली की भूजलही चढते आणि एरवी कोरड्या असणाऱ्या थरांतील युरेनियम धुऊन आणते.

म्हणजे एका टोकाला केसाहून बारीक छिद्र, तर दुसऱ्या टोकाला मैलोगणती पसरलेले नदीखोरे. प्रत्येक छिद्राचा हिशेब महासंगणकालाही झेपणारा नाही. म्हणून छिद्रपातळीवरील अभ्यासातून विरघळण्याचा वेग काढायचा आणि तो मोठ्या प्रारूपात भरायचा, ही बहुस्तरीय पद्धत पुढे आली. 'पीफ्लोट्रान'सारख्या आज्ञावलींनी हॅनफर्डचे गणित नव्याने मांडले. अखेर २०१३ मध्ये जमिनीत फॉस्फेट सोडून युरेनियम जागीच जखडण्याचा मार्ग स्वीकारला गेला.

तरीही विंधनविहिरींतून मिळणारी माहिती तुटपुंजीच असते, आणि माहितीच अपुरी असेल तर महासंगणकही हतबल ठरतो. महाराष्ट्रात तर भूजल बेसॉल्टच्या भेगाभेगांतून वाहते. एकसारख्या वाळूसाठी केलेली गणिते येथे सरसकट लागू पडत नाहीत. तेव्हा 'प्रारूप सांगते, काळजी नको' असे कोणी म्हणेल, तेव्हा त्या प्रारूपात काय गृहीत धरले आहे, हे आधी विचारले पाहिजे. चुकलेल्या भाकिताची किंमत गणित मांडणारे नव्हे, तर तेथील पाणी आणि त्यावर जगणारे मोजतात.