गाडी, गाणी आणि चौदा व्होल्ट

पावसाळ्यातली शुक्रवार संध्याकाळ. महापेहून घरी येताना कोपरखैरण्यात तीन टाकीच्या सिग्नलला थांबले होते. वायपर फुल स्पीडवर, एसी चालू, हेडलाइट्स चालू आणि डिकीतला नवाकोरा अँप्लिफायर जोरात! बेस ‘धप्प’ वाजला की समोरच्या रिक्षावर पडलेला माझ्या हेडलाइटचा उजेड मंद व्हायचा. पुन्हा धप्प, पुन्हा मंद. शेजारची मैत्रीण खूश. म्हणाली, ‘‘अगं, डिस्को लाइट्स पण बसवलेस?’’

डिस्को कसला, गाडीला करंट पुरत नव्हता! आणि महिन्याभरात आई-बाबांना घेऊन गणपतीला गावी जायचं होतं. रात्री, पावसात, मुंबई-गोवा हायवेवरून.

घरी येऊन कॅल्क्युलेटर काढला. ४०० वॉटचा साधा अँप्लिफायर फुल आवाजात ६५०-७०० वॉट खेचतो, म्हणजे १४ व्होल्टला साधारण ४८ अँपिअर. त्यावर हेडलाइट्सचे ८. वर एसीचा ब्लोअर, रेडिएटरचा फॅन, वायपर, फ्युएल पंप... आणि माझा अल्टरनेटर ६५ अँपिअरचा. तोही इंजिन पळत असताना! सिग्नलला उभ्या गाडीत तो जेमतेम निम्माच करंट देतो. उरलेला बॅटरीतून जातो. पगार कमी, क्रेडिट कार्ड फुल... ओळखीचं वाटतंय ना?

शनिवारी गॅरेजला गेले. तिथल्या काकांनी आधी मल्टिमीटर लावला. बॅटरी चांगली होती, बेल्ट टाइट होता. सगळं चालू करून मीटर बघितला तर १२.३ व्होल्ट. चालू गाडीत तो १३.८ ते १४.४ च्या आसपास हवा. म्हणजे दुखणं खरंच अल्टरनेटरचं होतं. (तुम्ही पण आधी हे तपासून घ्या. पुष्कळदा नुसती अर्थची वायर सैल असते आणि आपण उगाच हजारो रुपये घालवून बसतो.) ९० अँपिअरचा अल्टरनेटर टाकायचं ठरलं.

काका चहाला गेले आणि त्यांचा पोऱ्या कामाला लागला. ‘‘मॅडम, टेन्शन नको. मोठ्या अल्टरनेटरला हा मेन फ्यूज टिकणार नाही. डायरेक्ट करून देतो.’’

डायरेक्ट! हा शब्द ऐकला की गाडीवाल्यांनी हात जोडावेत. फ्यूज अल्टरनेटरसाठी नसतो हो, वायरसाठी असतो. वायर कुठे घासून बॉडीला टेकली, तर बॅटरी क्षणात शेकडो अँपिअर ओतते. फ्यूज असला तर तो उडतो. नसला तर वायर लाल होते आणि मग गाडी पेटते. मागच्या सीटवर आई-बाबा झोपलेले असताना मला हे नको होतं.

तेवढ्यात काका आले आणि त्यांनी काम नीट लावून दिलं. अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत २५ स्क्वेअर एमएमची नवी तांब्याची केबल. तिच्यावर, बॅटरीच्या अगदी जवळ, १२५ अँपिअरचा फ्यूज. फ्यूज अल्टरनेटरच्या क्षमतेपेक्षा थोडा जास्त हवा, पण केबल जेवढं झेपवते त्यापेक्षा कमी. अँप्लिफायरच्या वायरला बॅटरीजवळ वेगळा फ्यूज. आणि सगळे विसरतात ती गोष्ट, अर्थ! करंट जातो तितकाच परत येतो, त्यामुळे इंजिन ते बॉडी आणि बॅटरी ते बॉडी या वायरीही जाड केल्या. रंग खरवडून, थिंबल घट्ट दाबून.

गाडी स्टार्ट झाली. पोऱ्या उत्साहात दहाचा पाना घेऊन बॅटरीकडे. ‘‘टर्मिनल काढून बघू. गाडी बंद नाही पडली म्हणजे अल्टरनेटर ओके!’’

मी अक्षरशः ओरडले. माझ्या आधीच्या सेकंडहँड गाडीचा ईसीएम असाच गेला होता. जम्प स्टार्टनंतर कुणीतरी चालू गाडीचं टर्मिनल काढलं आणि माझं दोन महिन्यांचं मानधन त्या छोट्याशा डब्यात गेलं.

होतं काय, तर बॅटरी ही टाकीसारखी असते, जास्तीचं सगळं ती पोटात घेते. टाकी अचानक काढली की अल्टरनेटर काही लगेच थांबत नाही. सेकंदाच्या काही दशांशापुरता व्होल्टेज उसळतो. याला ‘लोड डंप’ म्हणतात. आयएसओ १६७५०-२ या स्टँडर्डमध्ये १२ व्होल्टच्या गाड्यांसाठी याच्या टेस्टचा आकडा ७९ ते १०१ व्होल्ट आहे, अल्टरनेटरमध्ये आवर घालणारे डायोड नसतील तर! आणि अल्टरनेटर जितका मोठा, तितका हा झटका जड. जुन्या अँबॅसिडर-पद्मिनीत ही ट्रिक खपून जायची, कारण त्यांच्यात करपायला इलेक्ट्रॉनिक्स जवळपास नव्हतंच. आजच्या गाडीत ईसीएम, एअरबॅग, एबीएस, टचस्क्रीन सगळं त्याच वायरवर.

काकांनी पोऱ्याच्या हातातला पाना काढून घेतला. ‘‘मीटर कशाला घेतलाय मग?’’ मीटरने सांगितलं, सगळं चालू असताना आयडलला १३.७ आणि रेस दिल्यावर १४.२. अल्टरनेटर आणि बॅटरीमधला फरक फक्त ०.१ व्होल्ट. म्हणजे केबल झकास.

तुम्हीही हे करणार असाल, तर थोडक्यात सांगते. काम करताना इंजिन बंद, आधी निगेटिव्ह टर्मिनल काढायचं आणि ते लावायचं सगळ्यात शेवटी. व्होल्टेज १५ च्या वर दिसला तर रेग्युलेटर गेलाय, गाडी चालवू नका. आणि अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटर कंप्युटरच्या हुकमावर चालतो, मीटर वर-खाली होणं तिथे नॉर्मल असतं. अशा गाडीत बाजारातला कुठलाही मोठा अल्टरनेटर बसत नाही. वॉरंटी असेल तर आधी कागद वाचा.

गणपतीला गेलो. रात्रभर पाऊस, रात्रभर वायपर, हेडलाइट्स ठणठणीत. बेस मात्र एकदाही वाजला नाही. बाबांनी रस्ताभर नाट्यसंगीत लावलं होतं. त्याला माझा जुना अल्टरनेटरही पुरला असता!