नांगराचे पहिले गिऱ्हाईक

यशस्वी उद्योजकांची चरित्रे गेल्या पंचवीस-तीस वर्षांत मराठी घरांतून मोठ्या संख्येने आली. मुंजीत, वाढदिवसाला, दहावीच्या बक्षीस समारंभात ती आवर्जून दिली जातात. त्यांतील बहुतेकांचा साचा ठरलेला असतो. एक असामान्य तरुण, त्याला पडलेले एक स्वप्न, जगाने केलेला उपहास आणि शेवटी झालेला जयजयकार. तरुणांनी ही पुस्तके जरूर वाचावीत. परंतु ती वाचून उद्योग कसा उभा राहतो हे कळते, असे मानण्याचे कारण नाही. धाडस, चिकाटी, दूरदृष्टी हे गुण बुडालेल्या शेकडो उद्योजकांच्या अंगीही होतेच. त्यांची चरित्रे कोणी लिहीत नाही, एवढेच. त्यामुळे यशवंताच्या गुणांची यादी करून यशाचे कारण सांगणे म्हणजे गणिताचे उत्तर आधी पाहून मग रीत मांडण्यासारखे आहे.

आपल्या डोळ्यांसमोरचे एक उदाहरण घेऊ. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे नाव ठाऊक नसलेले मराठी घर विरळा. 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे जन्मलेला हा मुलगा चित्रकार होण्यासाठी मुंबईला जे. जे. कला विद्यालयात गेला. काही रंग आपल्याला नीट ओळखता येत नाहीत, हे त्याला तेथे उमगले आणि चित्रकला सुटली. रंगांची गरज नसलेले यांत्रिक आरेखन मात्र उत्तम साधले, आणि त्या बळावर व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत शिक्षकाची नोकरीही मिळाली. पुढे बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन व्यक्तीला देण्यात आली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगावची वाट धरली. तेथे थोरले बंधू रामूअण्णा यांच्यासह 1888 मध्येच सायकलींचे दुकान सुरू झालेले होते.

येथवरची कथा साच्यात बसते. खरी गोष्ट पुढे सुरू होते. कडबा कापण्याच्या यंत्रानंतर लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर तयार केला आणि तो कोणी घेईना! लोखंड जमिनीत गेले की जमीन विषारी होते, नापीक होते, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली.

या समजाला अडाणीपणा म्हणून हसणे सोपे आहे. पण क्षणभर त्या शेतकऱ्याच्या जागी उभे राहून पाहावे. त्याचा लाकडी नांगर गावच्या सुताराने केलेला, मोडला तर तोच दुरुस्त करणार. त्याचा मोबदला सुगीच्या वेळी बलुत्यात, धान्यरूपाने द्यायचा. रोकड लागत नाही. लोखंडी नांगर मात्र रोख पैसे मोजून घ्यायचा, तो ओढायला बैल दमदार हवेत, आणि एवढे करून पीक गेले तर एक हंगाम, म्हणजे एक वर्ष, हातचे जाणार. नवीन वस्तूचा धोका कारखानदाराइतकाच गिऱ्हाइकालाही पत्करावा लागतो, किंबहुना गरीब गिऱ्हाइकाला तो अधिक जड जातो. भीतीला त्याने ‘विष’ हे नाव दिले. हिशेब मात्र अगदीच चुकीचा नव्हता.

यावर लक्ष्मणरावांपाशी एकच उपाय होता. नांगर असा हवा की त्याचे काम डोळ्यांना दिसावे. लाकडी नांगर जमीन उकरतो, लोखंडी नांगर ती पलटी करतो. खोल गेलेली हरळी मुळांसकट वर येऊन उन्हात वाळते. हे भाषणाने पटत नाही, शेजारच्या शिवारात पाहिल्यावर पटते. शिवाय आपली जमीन, आपले दगड, आपल्या बैलांची ताकद यांना पुरे पडेल असा फाळ, झिजल्यावर बदलता येईल असा भाग, मोडल्यास जवळच मिळणारा सुटा नग, ही सगळी कामे साहेबाच्या देशातल्या कारखान्याला इतक्या दुरून कशी जमावीत? बेळगावातला माणूस मात्र शेतकऱ्याच्या तक्रारी त्याच्याच बोलीत ऐकू शकत होता. ज्याला आज नवसंशोधन म्हणतात, त्यातला बराचसा भाग असा असतो. कोणी वापरतो, मोडतो, परत आणतो, शिव्या घालतो आणि बनवणारा ऐकून घेतो.

नांगर थोडे खपू लागले तोच नगरपालिकेने नव्या वस्तीसाठी कारखान्याची जागा रिकामी करण्यास सांगितले. या वेळी लक्ष्मणराव औंधच्या देवीच्या मंदिराचा मंडप बांधण्याचे काम करीत होते. अडचण कळताच औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळची बत्तीस एकर जमीन देऊ केली आणि दहा हजार रुपयांचे कर्जही दिले. जमीन निवडुंगाने भरलेली, सापांनी गजबजलेली, पाण्याचे दुर्भिक्ष असलेली. 10 मार्च 1910 रोजी तेथे किर्लोस्करवाडीची सुरुवात झाली. पंचवीसेक कामगार आणि त्यांची कुटुंबे, एवढीच वस्ती.

लक्ष्मणरावांनी जमवलेली माणसे कोण होती, हे पाहण्यासारखे आहे. यंत्रांची बाजू शंभोराव जांभेकरांनी पाहिली, हिशेब मंगेशराव रेग्यांनी, व्यवस्थापनातील अडीअडचणी के. के. कुलकर्ण्यांनी. शिक्षण अर्ध्यावर सोडलेले अनंतराव फळणीकर नवी यंत्रे घडविण्यात पारंगत ठरले. वसाहतीचा संसार रामूअण्णांनी सांभाळला. आणि पहाऱ्यावर कोण? दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा भोगलेले तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग! आजच्या कुठल्याही मोठ्या कंपनीच्या भरती विभागाने यांतील निम्मी माणसे दारातूनच परत पाठवली असती. पदवीपेक्षा माणूस पारखणारी नजर हे लक्ष्मणरावांचे भांडवल होते आणि ते दहा हजारांच्या कर्जाहून मोठे होते. अस्पृश्यता या वसाहतीत पाळायची नाही, हा दंडकही त्याच नजरेतून आला. समरसतेच्या आपण इतक्या सभा घेतो. एका कारखान्याच्या नळावर आणि भट्टीसमोर ती 1910 नंतरच्या काळात रोज पाळली जात होती, हे त्या सभांतून सांगितले पाहिजे.

भाग्याचा वाटाही मान्य करायला हवा. पहिल्या महायुद्धात विलायती माल येणे मंदावले आणि देशी कारखान्यांना बाजार मोकळा झाला. त्याच युद्धाने लोखंड आणि कोळसा यांची टंचाई केली, हेही खरे. 15 जानेवारी 1920 रोजी ‘किर्लोस्कर बंधू’ ही मर्यादित कंपनी झाली. नांगरापाठोपाठ उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याचे यंत्र, पाण्याचे पंप, इंजिने अशी वाढ होत गेली. या यादीत एक सूत्र दिसते. नांगराने जमीन खोल केली, मग पाणी हवे झाले. पाणी वर काढायला पंप, पंप चालवायला इंजिन. गिऱ्हाईक तेच, त्याची पुढची अडचण तेवढी नवी.

याच औंध संस्थानात, कऱ्हाडजवळ, 1916 च्या सुमारास ओगले बंधूंनी काच कारखाना काढला. ‘प्रभाकर’ कंदील महाराष्ट्रात घरोघरी पोचला. राजाश्रय तोच, स्वदेशीची तळमळ तीच, कष्ट तितकेच, आणि मालही चोख. तरीही पुढे विजेचे दिवे गावोगाव आले आणि कंदिलाचे दिवस सरले. आज तो कारखाना राहिलेला नाही. ओगल्यांच्या गुणांत काही उणे होते, असे कोणी म्हणू धजणार नाही. आपण नेमके काय विकतो, कंदील की उजेड, हा प्रश्न उद्योजकाला कधीतरी गाठतोच. त्याचे उत्तर वेळेवर सापडणे काही अंशी बुद्धीवर आणि काही अंशी दैवावर अवलंबून असते. यशाच्या पुस्तकांत ओगलेवाडीवर प्रकरण असायला हवे.

सोलापूरच्या वालचंद हिराचंदांची गोष्ट थोड्या वेगळ्या वाटेने जाते. 1919 मध्ये ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांकडून घेतलेली ‘लॉयल्टी’ ही बोट 5 एप्रिल रोजी मुंबईहून लंडनला निघाली आणि ब्रिटिश कंपन्यांनी भाड्याचे दर पाडून या नव्या स्पर्धकाचा गळा आवळायला घेतला. अशा वेळी नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद, लल्लुभाई सामळदास यांच्यासारखे सहकारी सोबत होते, म्हणून सिंदिया कंपनी तग धरू शकली. विशाखापट्टणमच्या गोदीची पायाभरणी 1941 मधली, ‘जलउषा’ पाण्यात उतरली 1948 मध्ये. पहिल्या बोटीपासून स्वतः बांधलेल्या बोटीपर्यंत एकोणतीस वर्षे! इतका काळ थांबायला तयार असलेला पैसा ज्या समाजात नसतो, त्या समाजात वालचंद जन्मतात आणि विझून जातात.

म्हणून यशस्वी उद्योजक कसा घडतो, या प्रश्नाचा अर्धा भाग आपल्याकडे, म्हणजे उद्योजक नसलेल्यांकडे येतो. आपल्या मध्यमवर्गीय घरांत लक्ष्मणरावांची तसबीर असते, पण मुलीसाठी स्थळ पाहताना स्वतःची कार्यशाळा असलेल्या मुलाची पत्रिका बाजूला ठेवली जाते. तीस लाखांचे कर्ज काढून मुलाला परदेशी शिकायला पाठविणारे वडील लेथ यंत्रासाठी पाच लाखांना जामीन राहत नाहीत. यात त्यांना दोष तरी किती द्यावा? आपल्याकडे धंद्यात बसलेली खोट ही चारित्र्यावरचा डाग मानली जाते, आणि नोकरीत वाया गेलेली तीस वर्षे कोणी मोजत नाही. अंताजीपंत काळे यांच्या पैसा फंडाने वर्षाला माणशी एक पैसा गोळा करून 1908 मध्ये तळेगावला काच कारखाना उभा केला होता. त्या पैशातून श्रीमंत होण्याची आशा देणाऱ्याला नव्हती.

आणि गिऱ्हाईक म्हणून आपण कसे वागतो? सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीच्या 2006 च्या कायद्याने लहान पुरवठादाराचे पैसे पंचेचाळीस दिवसांच्या आत चुकते करण्याचे बंधन खरेदीदारांवर घातले. ते पाळले जात नाही म्हणून 2023 च्या वित्त कायद्याद्वारे, वेळेत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून वजा दाखवू न देण्याची तरतूद आणावी लागली. भोसरीत, कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा अंबडमध्ये सुटे भाग करणाऱ्या कोणालाही विचारावे. यंत्र बिघडल्याचे त्याला इतके भय नसते, जितके केलेल्या कामाचे पैसे अडकल्याचे असते. देयके मंजूर करण्याच्या खुर्चीत आपल्यापैकीच कोणी बसलेले असते. पुढच्या शनिवारी टेबलावरच्या फायली आवरताना सर्वांत जुने देयक कोणत्या तारखेचे आहे, एवढे त्याने पाहावे.