पाणी मुरते कुठे?

अमेरिकेतले ओक्लाहोमा हे काही भूकंपांचे राज्य नव्हते. २००८ पर्यंत तिथे तीन किंवा त्याहून अधिक तीव्रतेचे धक्के वर्षाला सरासरी एक-दोनच बसत. २०१५ मध्ये ते नऊशेच्या आसपास गेले आणि कॅलिफोर्नियाही मागे पडला. जमीन तीच होती. तेलाचा धंदा वाढला होता.

तिथल्या तेलासोबत प्राचीन समुद्राचे खारे पाणी वर येते, तेलाच्या एका पिंपामागे कित्येक पिंपे. ते नदीत सोडता येत नाही आणि शुद्ध करणे परवडत नाही. म्हणून ते खोल विहिरींतून ‘आर्बकल’ या थरात ढकलले जाते. त्याच्या लगेच खाली कठीण पायाखडक आणि त्यात जुने प्रस्तरभंग. तिथवर पाण्याचा दाब पोहोचला की भंगाच्या दोन्ही बाजूंची एकमेकींवरची पकड सैल होते आणि आधीच ताणाखाली असलेला खडक सरकतो. लोक ‘फ्रॅकिंग’ला, म्हणजे दाबाच्या पाण्याने खडक फोडून तेल काढण्याला, बोल लावतात, ओक्लाहोमात मात्र मुख्य दोषी हे सांडपाणीच.

हे ज्ञान नवे म्हणावे, तर तेही नाही. डेन्व्हरजवळच्या लष्करी रसायन कारखान्याने १९६२ मध्ये साडेतीन किलोमीटरहून खोल विहिरीत सांडपाणी सोडले आणि परिसर हादरू लागला. १९६६ मध्ये विहीर बंद झाली, तरी सर्वांत मोठे धक्के बसले १९६७ मध्ये, कारण दाब आत पसरतच होता. पुढे कोलोरॅडोतल्याच रेंजलीच्या तेलक्षेत्रात शास्त्रज्ञांनी दाब कमी-जास्त करून भूकंप थांबवून आणि पुन्हा घडवून दाखवले. याहून स्वच्छ पुरावा कोणत्या सरकारला हवा असतो?

ओक्लाहोमाला हवा होता. २०११ मध्ये प्राग गावाजवळ ५.७ तीव्रतेचा भूकंप झाला. तरी राज्याच्या भूशास्त्र संस्थेने सांडपाण्याकडे ठामपणे बोट दाखवायला एप्रिल २०१५ उजाडला. तेलावर पोसलेल्या राज्यात ‘हे नैसर्गिकच असेल’ हे उत्तर सगळ्यांच्याच सोयीचे होते. पुढे नियामकांनी पाणी कमी करायला लावले, तेलाचे भावही पडले आणि धक्के ओसरू लागले. तरी सप्टेंबर २०१६ मध्ये पॉनीजवळ ५.८ चा, राज्याच्या नोंदीतला सर्वांत मोठा भूकंप झालाच.

महाराष्ट्राने हे परक्याचे दुखणे समजू नये. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. त्यात तिथल्या धरणाच्या जलाशयाचा वाटा होता, हे जगभरचे भूशास्त्रज्ञ मानतात. पण धरणाचे पाणी निदान दिसते, त्याची पातळी मोजता येते. विहिरीत ढकललेल्या पाण्याचा हिशेब आधी कंपनीच्या वहीत असतो.

आता कार्बन डायऑक्साइड वायूही खडकांत साठवण्याच्या योजना जगभर आखल्या जात आहेत. तिथेही प्रश्न दाबाचाच आहे. म्हणून पहिला थेंब आत जाण्यापूर्वी भूकंपमापक बसवावेत, किती आणि कोणत्या दाबाने सोडले याचे आकडे रोज जाहीर व्हावेत आणि कितव्या धक्क्याला पंप थांबवायचा, हे परवान्यातच लिहिलेले असावे. आपल्या पाण्याने जमीन हलली नाही, हे सिद्ध करण्याचा भार पाणी सोडणाऱ्यावर हवा. घराला तडे गेलेल्या माणसावर नको.