वाटाड्या घेऊनच धबधब्याला जावे

आमचा अकोले तालुका अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. आमच्या बाजूला कळसूबाईचे शिखर आहे. ते १६४६ मीटर उंच आहे आणि महाराष्ट्रात सर्वांत उंच आहे. प्रवरा नदी रतनगडाच्या डोंगरात उगम पावते. तिच्यावर भंडारदऱ्याचे धरण आहे. ते १९२६ साली बांधून पुरे झाले. पुढे रंधा धबधबा आहे. लहान धबधबे तर पावसाळ्यात प्रत्येक कड्यावरून पडतात.

म्हणून दर शनिवार-रविवारी मुंबई, पुणे, नाशिकचे पाहुणे येतात. सकाळी गाडी वेशीजवळ लावतात, भाताच्या खाचरांतून चालत धबधब्याला जातात आणि संध्याकाळी घरी जातात. माझे मत असे आहे की, वाटाड्या घेतल्याशिवाय कुणी धबधब्याला जाऊ नये. आणि तो वाटाड्या गावातलाच मोठा माणूस असावा.

पहिले कारण पाणी. डोंगरावर पाऊस पडत असतो तेव्हा कधी कधी खाली ऊन असते. खाली उभ्या माणसाला वाटते, ओढा लहान आहे. पण वरचे पाणी वाटेत असते. माझी आजी म्हणते, "पानी आधी सांगतं, मंग येतं." पाणी गढूळ होते. त्यातून पाला आणि काटक्या वाहत येतात. ओढ्याचा आवाज जड होतो. एवढे दिसले की आपण लगेच वर काठावर येतो. पाहुण्यांना हे कोण सांगणार? धबधब्याखालच्या कुंडात फेस असतो, म्हणून तळ दिसत नाही. वरून पडणारे पाणी माणसाला खाली दाबते. ज्याला विहिरीत पोहता येते त्यालाही तिथे पोहता येत नाही. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याजवळ भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. त्यांत लहान मुलेही होती. गुरुजींनी आम्हांला ते सांगितले तेव्हा वर्गात कुणी बोलले नाही.

दुसरे कारण भात. उन्हाळ्यात आपण पाला, फांद्या आणि शेण पसरून राब भाजतो. पावसाच्या तोंडावर तिथे भात पेरतो. रोप तीन-चार आठवड्यांचे झाले की उपटून जुड्या बांधतो. मग चिखलणी आणि आवणी. हे काम बहुतेक जुलैत येते आणि पाहुणेही तेव्हाच येतात. बांध ही वाट आहे हे खरे, पण ती एकामागे एक चालायची वाट आहे. गेल्या आषाढात दहा-बारा जण फोटो काढायला एकदम आमच्या बांधावर उभे राहिले. बांध फुटला. वरच्या खाचरातले पाणी खालच्या खाचरात गेले आणि नवीन लावलेली रोपे आडवी झाली. आईने आणि काकूने इरले घेऊन भर पावसात बांध पुन्हा लिपला. पाहुणे वाईट नव्हते. त्यांना कुणी सांगितलेच नव्हते.

त्यातल्या एका ताईने मला विचारले, "हे गवत कुणी लावलं?" मी म्हणाले, "ताई, हा तुमच्या ताटातला भात आहे." ती खूप हसली आणि मग खाली बसून रोप बघू लागली. वाटाड्या असता तर त्याने तिला काळभात कोणता आणि आंबेमोहोर कोणता ते दाखवले असते. आपल्याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणे जपले म्हणून त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, हेही सांगितले असते. नुसता धबधबा बघून माणूस भिजतो. शेत समजून घेतले तर त्याला पुढच्या वेळी सांगावे लागत नाही.

तिसरे कारण आमचे घर. माझा दादा आवणी झाली की नारायणगावला मजुरीला जातो. कापणीला परत येतो. आई त्याची वाट बघते. पावसाळ्यात वाटाड्याचे काम मिळाले तर तेवढे दिवस तरी तो घरी राहील. त्याला सगळे ओढे पाठ आहेत.

काही जण म्हणतात, "पाहुणेच नकोत. वेशीवर दोर बांधा." मला हे पटत नाही. पाहुणे आले म्हणून काकूची नागलीची भाकरी आणि पिठले विकले जाते. आणि दोर बांधला तर लोक दुसऱ्या बाजूने येतील. मग ते कुठे गेले हे आपल्याला कळणारसुद्धा नाही.

काही पाहुणे म्हणतात, "मोबाईलवर रस्ता दिसतो, वाटाड्याला पैसे कशाला?" पण आपल्या दरीत मोबाईलला रेंज नसते. आणि काल रात्री कोणता बांध फुटला, कोणत्या दगडावर शेवाळ आले, हे मोबाईलला कसे ठाऊक असणार?

आता एक गोष्ट वर्गमित्रांसाठी आहे. राग मानू नका. आपल्यातली काही मुले शनिवारची सकाळची शाळा बुडवून पाहुण्यांबरोबर जातात. पाहुणे दहा-वीस रुपये देतात, बिस्किटाचा पुडा देतात. तुम्हांला वाट येते हे मला माहीत आहे. मलाही येते. पण पाणी वाढले आणि पाहुणा म्हणाला, "अजून थोडं पुढं चल," तर आपण त्याला "नाही" म्हणू शकतो का? आपण लहान आहोत, तो मोठा आहे. तो आपले ऐकणार नाही. कुणी घसरले तर आपल्याला त्याला ओढूनही काढता येणार नाही. म्हणून वाटाड्या असा पाहिजे की त्याने "मागे फिरा" म्हटले की सगळे मागे फिरतील. हे काम मुलांचे नाही.

पालकांना माझी नम्र विनंती आहे. आपण येत्या ग्रामसभेत हा विषय काढावा. वाटाड्यांची नावे आणि दिवसाची मजुरी फळ्यावर लिहून फळा वेशीजवळ लावावा, म्हणजे भांडण होणार नाही. नियम पाचच असावेत.

१. सकाळी लवकर निघावे आणि दुपारी चारच्या आत गावात परत यावे.
२. बांधावरून एकामागे एक चालावे. आवणी चालू असलेल्या खाचराला वळसा घालावा.
३. प्रत्येक ओढ्याच्या अलीकडे आणि पलीकडे माणसे मोजावीत.
४. पाणी गढूळ झाले की कुणालाही न विचारता मागे फिरावे. पैसे परत मागू नयेत.
५. बाटल्या आणि पुड्यांचे कागद ज्याचे त्याने परत न्यावेत. आपली गुरे ते खातात.

पाहुण्यांनी धबधबा बघावा, भाकरी खावी आणि सुखरूप घरी जावे. आपले भात उभे राहावे आणि आपली मुले शनिवारी शाळेत असावीत. या सगळ्याला एक शहाणा वाटाड्या पुरे आहे, असे मला वाटते. ज्यांना माझे मत पटले नाही त्यांनीही लिहावे. भित्तिपत्रकावर अजून जागा आहे.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी